हुनाडीचा झाडू

मामेलोडीतल्या आमच्या गल्लीत बातमी होती की शेजारची हुनाडी दुपारभर लेसिबाच्या गॅरेजमध्ये असते. यात जराशी दुरुस्ती. हुनाडी नव्हती, तिचा झाडू होता. आणि झाडूसुद्धा नव्हता, नुसता आवाज.

लेसिबा आठवडाभर बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतो. उरलेल्या वेळात ड्रम, घमेली, चाकांच्या टोप्या, हाताला येईल ते वाजवतो. सुरुवात आणि शेवट कागदावर लिहिलेला, मधलं आयत्या वेळी सुचेल तसं. हल्ली त्याने एक पेटी आणली होती. ती आवाज टिपून घेते आणि ताणून, उलटा करून परत देते. तिच्यात त्याने हुनाडीचं पहाटेचं अंगण झाडणं भरलं होतं.

हे कळल्यावर त्याची बायको रायसिबे जळून कोळसा झाली. बाई परवडली असती, बाईच्या झिंज्या तरी धरता येतात!

"बावीस वर्षं मीही झाडतेय. माझा झाडू काय मुका आहे?"

"हुनाडीचं मनगट हलकं आहे हो," कुंपणापलीकडून कुणीतरी प्रेमाने तेल ओतलं.

शनिवारी रायसिबेने कुंपणाला टांगलेल्या पेटीच्या माइकखालीच अंगण तीनदा झाडलं. चर्चच्या बँडसारखं शिस्तीत, एक-दोन, एक-दोन. लेसिबा बाहेर आला.

"फेन्योची आई, अंगणात माती राहू दे थोडी." आणि माइक उचलून आत गेला.

रविवारी दुपारी गल्लीतल्या एकाच्या अंगणात जॅझ क्लब भरला. दोनरंगी बूट, हॅट, निखाऱ्यावर मटण. वादन ज्याच्या अंगात भिनेल त्याने मधे येऊन पावलांनी उत्तर द्यायचं, ही आमची रीत. लेसिबाला पहिलं उत्तर नेहमी रायसिबेचं. आज ती हाताची घडी घालून बसली. पेटीतून खर्र-खर्र सुरू झालं.

"अगं बाई, ही तर मी!" म्हणत हुनाडी घागरा सावरून उठली.

ती मधे पोचायच्या आत रायसिबे यजमानांचा झाडू घेऊन तिथे हजर. झाडणं कसलं, भांडणच ते. कधी फटका, कधी फरफट, मधेच गप्प.

"बूट सांभाळा रे!" म्हातारे ओरडले.

लेसिबाने पेटी बंद केली आणि ड्रमच्या काठ्या घेऊन तिच्या झाडूच्या तालामागे धावला. ती थांबली की थांबायचा, ती उसळली की चुकायचा, पुन्हा गाठायचा. अंगण टाळ्यांनी दणाणलं. हुनाडी मटणाकडे वळली.

घरी जाताना रायसिबेचे गाल फुगलेलेच.

"पण पेटीत तीच ना? मी का नाही?"

लेसिबा म्हणाला, "ती रोज एकसारखं झाडते, म्हणून पेटीत मावते. तू पुढच्या क्षणी काय करशील, ते मला अजून एकदाही ओळखता आलेलं नाही."