एका बाईचं सांगता येत नाही

संशोधन संस्थेतले शिपाई तिला धूरबाई म्हणत. मागून नव्हे, अगदी तोंडावर. "धूरबाई आल्या रे, खिडक्या उघडा," असं म्हणून हसत, आणि तीही हसे. जन्मात तिने एक सिगारेट ओढली नव्हती, पण उभं आयुष्य दुसऱ्यांनी सोडलेल्या धुराचा माग काढण्यात गेलं होतं. कोण ओढतं, त्याच्या शेजारी कोण बसतं, किती वर्षं बसतं, खोली केवढी, खिडकी उघडी की बंद, आणि त्या शेजारी बसणारीच्या छातीत पुढे गाठ येते का. एवढंच तिचं काम. कुणाकडे चहाला गेली तरी आधी राखदाणी कुठे आहे ते बघायची. लोक तिला बोलवायचं टाळत, आणि मला विचाराल तर त्यात लोकांची काही चूक नव्हती.

घरातल्या धुराचं काम त्या मानाने सोपं. नवरा ओढत असला की बायको सांगते, आणि भरभरून सांगते, थांबवावं लागतं. खरी पंचाईत कामाच्या जागेची. पहिली काही वर्षं धूरबाई बायकांना सरळ विचारायची, "तुमच्या खोलीत कुणी ओढतं का?" बायका म्हणायच्या, "छे हो, आमच्यात कुणी नाही." मग हिने विचारावं, "आणि ते साहेब मघाशी हातात सिगारेट घेऊन येऊन गेले ते?" तर उत्तर यायचं, "ते साहेब. ते काय आमच्यात?" धूरबाईने कपाळावर हात मारून घेतला. साहेब माणसांत मोजायचा नसतो, तर त्याचा धूर तरी कोण मोजणार? तेव्हापासून तिने प्रश्नच बदलला. "घरी गेल्यावर तुमच्या केसांना वास येतो का?" आता मात्र खरं बाहेर पडायला लागलं.

वर्षानुवर्षं अशा खोल्या हिंडून तिच्या हाती जे लागलं ते थोडक्यात असं, की कोंदट खोलीत बरीच वर्षं दुसऱ्याच्या धुरात बसलेल्या बायकांमध्ये छातीतल्या गाठीचा हा आजार थोडा जास्त दिसतो. हा 'थोडा' शब्द तिने फार जपून ठेवलेला होता. कुणी तो काढून 'फार' घातला तर भांडायला उठायची, आणि कुणी तो शब्दच खोडायला गेलं तरी भांडायला उठायची. नव्याने कामाला लागणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी दम द्यायची, "आपण हजार बायकांबद्दल बोलतो. एकीबद्दल कधी बोलायचं नाही. ज्याने एकीबद्दल छातीठोक सांगितलं, त्याने हे काम सोडून भविष्य सांगत बसावं." पोरं मान डोलवत. तिचं तिलाही हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हेच म्हणाली असती.

आणि मग ताईच्या छातीत गाठ आली.

ताई म्हणजे तिची थोरली सख्खी बहीण. नकाशे काढायच्या ऑफिसात नोकरीला. पूर्वी मोठ्या टेबलावर पारदर्शक कागद अंथरून खालच्या नकाशावरून शाईने रेघा ओढायचं काम होतं. आता तेच कॉम्प्युटरवर. त्या कागदाचे लाड काय विचारता! वाऱ्याने हलला की रेघ वाकडी, दमट हवेने फुगला की मापं चुकली. म्हणून खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद, चक्क स्क्रू मारून. बायकांना गुदमरलं तर चालेल, कागदाला सर्दी व्हायला नको. आणि साहेब लोक सिगारेट हातात घेऊन मागे येऊन उभे राहणार, खांद्यावरून वाकून त्याच हाताने दाखवणार, ही रेघ जरा इकडे घ्या. राख नकाशावर पडायची. ती हाताने झटकायची सोय नव्हती, ओली शाई फासली जायची. ताई तोंड अगदी जवळ नेऊन ती हळूच फुंकायची. तोंड इतकं जवळ नेऊन फुंकायचं, म्हणजे आधी श्वास घेताना कुठली हवा आत जात असेल ते तुम्हीच बघा.

पुढे खोलीत ओढायला बंदी आली. साहेब पॅसेजच्या टोकाला, कोपऱ्यात उभे राहायला लागले. नेमकं तिथूनच खोलीतलं थंड हवेचं यंत्र हवा ओढायचं. म्हणजे पूर्वी एकाची सिगारेट एकीला मिळायची, आता सगळ्यांची सगळ्यांना. बायकांनी यंत्राच्या जाळीला पुठ्ठा लावून बघितला, पण खोली तापायची आणि कुणीतरी वैतागून तो काढायचं.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कोलमडून गेले. ताई नाही कोलमडली. ती धूरबाईला म्हणाली, "छोटे, मला एकच करून दे. माझ्या खोलीत अजून सहा जणी बसतात. मी दवाखान्यात जायच्या आत तो कोपरा बंद करव. मी मोठ्या साहेबांची वेळ मागून घेतलीय. तू फक्त चल आणि दोन शब्द बोल. तुझं ऐकतील ते. तू तर त्यातलीच."

धूरबाई लगेच हो म्हणाली. ताईने आयुष्यात तिच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. तिला शिकवायचं म्हणून ताई लवकर नोकरीला लागली होती, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण धूरबाईच्या मनातून ते कधी गेलं नव्हतं.

मोठे साहेब तसे भले गृहस्थ. उठून उभे राहिले, ताईला खुर्ची दिली, चहा मागवला. काचेच्या पलीकडून सहाही जणी कॉम्प्युटरकडे तोंड करून बसल्या होत्या, पण एकीचंही बोट हलत नव्हतं. सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. धूरबाईने बोलायला सुरुवात केली, कोपरा, यंत्र, हवा कुठून कुठे जाते. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, मला यातलं काही कळत नाही. तुमचं आयुष्य यात गेलंय. मला एवढंच सांगा. ताईंना हे आमच्या ऑफिसमुळे झालं, असं तुमचं म्हणणं आहे का? तुम्ही हो म्हणा, मी उद्या तो कोपरा बंद करतो. वरच्या लोकांना सांगायला मला तेवढं कारण पुरेल."

ताईने तिच्याकडे बघितलं.

काय अवघड होतं हो? दोन अक्षरंही नाहीत, एक अक्षर. भाऊजी असते तर हो म्हणाले असते. संस्थेतला शिपाई असता तर टेबलावर हात आपटून हो म्हणाला असता. पण विचारलं होतं धूरबाईला. आणि तिच्या तोंडून, ती थांबवायच्या आत, वर्षानुवर्षं पोरांना घोकून घेतलेलं वाक्य बाहेर पडलं.

"एका बाईचं तसं सांगता येत नाही. पण अशा खोल्यांमधल्या सगळ्या बायकांचा एकत्र विचार केला तर…"

"सांगता येत नाही," साहेब म्हणाले. कडक आवाजात नाही. त्यांच्या आवाजात सुटका होती. "मग मी तरी वर काय सांगू?"

धूरबाईला कळलं आपण काय करून बसलो. ती घाईघाईने बोलत सुटली. प्रमाण म्हणाली, शक्यता म्हणाली, जोखीम म्हणाली, मधे एकदा आवाज चढला, मग उगाच माफी मागितली. जितकं समजावत गेली तितकी रुतत गेली. तिचं एकूण एक म्हणणं बरोबर होतं आणि त्याचा कवडीचा उपयोग होत नव्हता. साहेबांचा फोन वाजला. त्यांनी हात वर करून म्हटलं, "बघू या. नक्की बघू."

बाहेर आल्यावर त्या सहा जणींतली एक, जी ताई रजेवर गेल्यापासून तिच्या खुर्चीवर बसत होती, उठून दारापर्यंत आली. "काय म्हणाले हो ताई?"

"बघू म्हणाले," ताई म्हणाली. धूरबाईकडे तिने बोटही दाखवलं नाही. बाई परत जाऊन जागेवर बसली.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली, धूरबाई शेजारी. ताई चिडली असती, चार शब्द टाकून बोलली असती, तर बरं वाटलं असतं. ताईने तेही केलं नाही. शेवटी बाहेर बघतच म्हणाली, "आता इथे साहेब नाहीत. तुझी ती पोरंही नाहीत. मला एकटीला सांग. तिथूनच आलं ना हे?"

धूरबाईने तिच्या केसांकडे बघितलं. लहानपणी ताई ऑफिसातून येऊन तिच्या बाजूला अभ्यास घ्यायला बसायची, तेव्हा त्या केसांना काय वास यायचा तो तिला आत्ताही आठवत होता. माहीत कुणाला होतं? कुणालाच नाही. डॉक्टरांना नाही, तिला नाही, कधी कळणारही नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "तिथूनच आलं, ताई."

जन्मात पहिल्यांदा ती एका बाईबद्दल छातीठोक बोलली होती. तिला वाटलं, ताईला निदान तेवढा तरी दिलासा मिळेल. ताईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, रागाने नाही, थकून.

"मला कशाला हो म्हणतेस आता? मी तर उठून आले तिथून. साहेबांना म्हणायचं होतंस."

धूरबाईला वाटलं, पुढच्या स्टॉपला उतरावं, उलटी बस पकडावी, साहेबांच्या दारात जाऊन उभं राहावं. ती खरंच अर्धवट उठलीही. मग परत बसली. गेली असती तरी साहेबांनी तेच विचारलं असतं, आणि तिने तेच उत्तर दिलं असतं.