मिल्ट्रीचं दूध

अजून आठवलं की डोकं फिरतं. अंगातला झंपर दुधानं भिजून दिवसातून दोनदा बदलावा लागायचा, आणि त्याच घरात, सोप्यात बसून सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "हिच्या अंगाला दूधच न्हाई."

पंचाहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. माझं माहेर दुष्काळी माण तालुक्यातलं. तिथं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते कडेगावाजवळ, सासरीच झालं. पहिले दोन दिवस दूध बेताचंच उतरलं. पहिलटकरणीचं तसंच असतं, हे चार लेकरं झालेल्या बाईला माहीत नसेल? पण सासूबाईंनी तेवढ्यावरच निकाल लावला. "माणातली हाय. रान कोरडं, तशी बाईबी कोरडी." त्यांच्या रानात ऊस उभा होता, त्याचा तोरा माझ्या बाळंतपणात कशाला?

आमचे हे फौजेत. बाळ बघायला रजेवर आले ते मिलिटरी कँटीनमधून दुधाच्या पावडरीचे दोन डबे घेऊन. डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र. झालं! सासूबाईंनी डबे देवळीत मांडले. गल्लीतल्या बाया बाळ बघायला म्हणून यायच्या आणि डबे बघून जायच्या. मी यांना म्हणाले, "मला येतंय आता दूध. आत्याबाईस्नी सांगा की." तर म्हणाले, "बायकांच्यात मी काय बोलू?" सरहद्दीवर छाती काढून उभा राहणारा माणूस हा! चार दिवसांनी रजा संपली आणि गेले निघून.

डब्यावरचं इंग्रजी घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. पुढच्या रजेपर्यंत डबे पुरले पाहिजेत म्हणून सासूबाई बाटलीभर पाण्यात एकच चमचा पावडर टाकायच्या. बाळाला अंगावर पाजू द्यायच्या नाहीत. दोन्ही दुधं एकत्र झाली की पोट बिघडतं म्हणे. पोट बिघडलंच. त्या पाणचट दुधानं पोर आठ दिवसांत हगवणीनं सुकलं, रडायचाही आवाज निघेना. आणि इकडं माझी छाती दगडासारखी घट्ट; ठणका सोसवेना म्हणून मी मोरीत बसून दूध पिळून टाकत होते. पोर उपाशी आणि त्याच्या वाटचं दूध मोरीत! त्या दिवशी मला सासूबाईंची भीती वाटायची बंद झाली.

सासूबाई बाटली बाळंतिणीच्या खोलीत आणून द्यायच्या आणि आपल्या कामाला जायच्या. मी दाराला आतून कडी घातली, बाळाला पदराखाली घेतलं. रबरी निपलची सवय लागलेली, ते नुसतं तोंड फिरवत राहिलं. मी रडले, चिडले, पुन्हा लावलं. तिसऱ्या खेपेला धरलं ते सोडेचना. मग बाटलीतलं ते कोमट पाणी मीच घटाघटा पिऊन टाकलं. रोज तेच चाललं. बाटली रिकामी बाहेर जायची आणि पोर महिन्याभरात चांगलं भरून आलं.

"बगा, मिल्ट्रीचं दूध!" सासूबाई त्याच्या मांड्या उघड्या करून बायांना दाखवायच्या. मी गप्प. पोर जगलंय ना, मग कशाला भांडण, असं मला वाटायचं. त्या गप्प बसण्याचा आज मला सासूबाईंपेक्षा जास्त राग येतो.

कारण दोन वर्षांनी नणंद बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी नवा डबा फोडला, बाटली भरली. "वैनीच्या पोराला कसं मानवलं बघ," म्हणाल्या. नणंद आईच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती, तिनं बाटलीसाठी हात पुढं केला. मग मात्र मला राहवेना. बाळ बघायला आलेल्या बायांसमोर मी म्हणाले, "आत्याबाई, ह्या दुधानं तुमचा नातू मरायला टेकला हुता. मग ते मी पीत हुते आन् त्याला अंगावर पाजत हुते. तवा वाचला त्यो."

वाटलं, आता तरी सासूबाईंच्या डोक्यात प्रकाश पडेल. त्यांनी डोळे वटारले. "माझ्या नातवाच्या तोंडचं दूध तू प्यालीस?"

हसावं की रडावं मला कळेना. तेवढ्यात नणंदेनं लेकीला उचलून पदराखाली घेतलं.

"आये," ती म्हणाली, "हीबी बाटली वैनीलाच दे."