आता गिटारची पाळी

चौबे कॉलोनीत आमच्या समोरच्या गच्चीवर एक बाई रोज सकाळी आपल्या बास गिटारचं लाकूड कानशीनं घासायची. पन्नाशीची असेल. आधी बरगडीपाशी कुर्त्यावर खडू लावायची, मग गिटार अंगाशी धरायची. लाकडावर खडू उमटेल तेवढाच भाग घासायची.

न राहवून मी विचारलं, "काहून खराब करून राहिल्या हो चांगली गिटार?"

"ऑपरेशन झालं ना दीदी, तिथंच टोचते. डॉक्टर म्हणे, वाजवणं सोडा." ती हसली. "मले कापून झालं, आता हिची पाळी."

काल खडू लाकडाला लागलाच नाही. संध्याकाळी तिच्या गिटारच्या खर्जानं माझ्या मांडणीवरचे पेले थरथरू लागले. मी पेले खाली उतरवले आणि खिडकी उघडीच ठेवली.