एक माणूस, पाच यंत्रं

ते प्रकरण आठवलं की निवृत्तीनंतरही डोकं तापतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या पोलीस नियंत्रण कक्षाचं नूतनीकरण झालं होतं. नारळ फुटला, फीत कापली गेली आणि आता एकच कर्मचारी पाच यंत्रं सांभाळतो, असं वरिष्ठांनी भाषणात अभिमानानं सांगितलं. दोन फोन, वायरलेस, मोबाइल आणि बातम्यांसाठी टीव्ही. पूर्वी तिथं दोन हवालदार बसत. एक ऐके, दुसरा लिही. लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, अशी शिस्त होती. आधुनिकीकरणात ती गेली.

एका सकाळी कळंब्याहून फोन आला. जीपनं सायकलस्वाराला उडवलं आणि पळ काढला. जखमी बेशुद्ध होता. नोंदवहीत जीपचा नंबर होता, त्यावरून दुपारी चालकाला आणलं. कुरुंदवाडकडचा, डेअरीसाठी दूध गोळा करणारा, पन्नाशीचा माणूस. मी मोबाइल बंद करून त्याच्यासमोर बसलो.

"सकाळी कुठं होतास?"

"उचगावात, सायेब. टायर फुटला हुता. गाडी रस्त्यातच, मागनं हॉर्नचा नुसता दंगा."

"साक्षीदार?"

"शिव्या देणारे पन्नास हुते की. नावं कुणाची लिवून घेऊ?" मग आवाज उतरला. "उद्या कोर्टात उभं केलासा, तर डेअरीवाले परवा दुसरी जीप लावतील."

त्याच्या जीपला ओरखडाही नव्हता. मी नोंदवही पुन्हा उघडली. कळंब्याच्या नोंदीखालीच, त्याच मिनिटाची पण शहराच्या दुसऱ्या बाजूची नोंद होती: उचगाव, रस्ता अडवून जीप उभी. नंबराची जागा कोरी.

मग चौकशी नियंत्रण कक्षातल्या आमच्याच शिपायाची झाली. दहा वर्षांची नोकरी, कामाला चोख.

"दोन्ही फोन तूच घेतलेस?"

"व्हय सर. एक ह्या कानाला, एक त्या. वायरलेसवर मंत्र्यांचा ताफा. टीव्हीवर मॅच हुती, पण माझं लक्ष नव्हतं."

"स्कोअर किती होता?"

त्यानं विकेटसकट सांगितला. मग त्याचा चेहरा पडला.

कळंब्याचा फोन पानपट्टीवाल्याचा होता. त्यानं फळीवर चुन्यानं नंबर लिहून ठेवला होता. "दोनदा सांगू का म्हणून इचारलं की. तुमचा माणूस 'झालं, झालं' म्हणाला." तो नंबर वेगळाच होता; वहीत उचगावच्या जीपचा नंबर कळंब्याच्या ओळीत गेला होता. संध्याकाळी ती जीप एका गॅरेजात सापडली, दिवा फुटलेली. तिच्या चालकानं कबुली दिली.

शिपायाला शिक्षा झाली. पाच यंत्रं त्याच्या गळ्यात बांधणाऱ्यांनी सहाव्याची मागणी पाठवली. माणूस एका वेळी दोघांचं ऐकत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारतो. उडीत काय सांडलं, हे त्याला कळत नाही, आणि तरी तो शपथेवर सांगतो की सगळं ऐकलं.

दूधवाल्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी ऐकलं म्हणून सुटलो. वहीत नंबर तर माझाच हुता."

त्या दुपारी मोबाइल बंद ठेवल्याबद्दल माझ्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला. मी एकच ओळ लिहिली: त्या वेळी मी एका माणसाचं ऐकत होतो.