पप्पांची गाडी आणि सोपटाच्या गाठी

पप्पांना जाऊन वर्ष झालं, त्या वर्षाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, आई दुसऱ्या कुठल्याही गाडीतून जाणार नव्हती. रिक्षा नको, भाच्याची नवी गाडी नको. "त्यांच्याच गाडीतून जाईन, नाहीतर चालत जाईन," असं तिनं महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. वटारच्या आमच्या घरापासून चर्च तसं लांब नाही, पण आईचे गुडघे आता अंगणही धड पार करत नाहीत.

गाडी म्हणजे स्टिअरिंगपाशी गिअर असलेली, पांढऱ्या रंगाची, माझ्यापेक्षा थोडीच लहान. पप्पांच्या आजारपणात मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "भंगारात द्या एकदाची, अंगण तरी मोकळं होईल." ते भिंतीकडे तोंड करून झोपले. ते वाक्य मला वर्षभर खात होतं. म्हणून मीच फुलपाड्याहून मेकॅनिक बोलावला, इंजिन उघडायला लावलं आणि सांगितलं, काय लागेल ते करा, पण रविवारी गाडी चालली पाहिजे.

शनिवार उजाडला. इंजिन आतून-बाहेरून लख्ख झालं होतं, फक्त चालू होत नव्हतं. सेल्फ मारला की घर्रघर्र करायचं आणि मागून फाडकन बार काढायचं. शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकून भुंकून दमली. मेकॅनिकने पेट्रोल येतंय का पाहिलं, येत होतं. प्लग काढून करंट पाहिला, होता. बॅटरी तर नवीच होती. दुपारी तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "ताई, सगळं बरोबर आहे. फिर भी चालू होत नाय. माझं डोकंच बंद पडलंय."

मला रडू येईल असं वाटलं. रडू आलं की मी चिडते, तशी चिडले. म्हटलं, तुम्ही हात लावण्याआधी निदान खोकत तरी होती! काय काय काढलंत ते दाखवा. त्यानं कचऱ्याचा डबा पुढे केला. त्यात काळपट चिंध्या, जुनी गॅस्केटं आणि केळीच्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीचे, तुकडे होते. "हे गवत वायरींना गुंडाळलेलं," तो म्हणाला. "साफ करताना कापून टाकलं."

ते गवत नव्हतं. पानवेल बांधायला आमच्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या हेच वाळकं सोपट वापरतात. पप्पा तर चष्म्याची दांडीसुद्धा त्यानंच बांधायचे. तुकड्यांवर गाठी होत्या, एकावर एक, दुसऱ्यावर दोन, अशा चारपर्यंत. कुठली वायर कुठे जाते याची ती खूण होती. गाडीच्या पुढच्या भागाला ते कधीच कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. केवढं प्रेम, असं आम्हाला वाटायचं.

आई ओट्यावरून हे सगळं पाहत होती. बराच वेळ ती पदराशी चाळा करत राहिली. मग काठी टेकत खाली आली. घरात ती आमच्या कादोडी बोलीतच बोलते, पण मेकॅनिकशी शाळेतल्यासारखं मराठी बोलली.

"ते चार वायरींचं टोपण आहे ना, प्लगना पाळीपाळीनं करंट देतं ते? त्याच्या खालचा डबा उलटा बसलाय. फार वर्षांपूर्वी. त्यामुळे तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं वायरी लावून चालणार नाही. प्रत्येक वायर बरोबर समोरच्या भोकात घाला."

मेकॅनिक हसू दाबत म्हणाला, "उलटा कोणी बसवला, आजी?"

आईनं मान ताठ केली. "मी."

त्यानं वायरी फिरवल्या. मी सेल्फ मारला. एक झटका बसला आणि गाडी चालू झाली, तोच ओळखीचा घोगरा आवाज. वाडीतून परतताना पप्पा असेच यायचे, आणि आम्ही पोरं फाटक उघडायला धावायचो. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून मनसोक्त रडले. मेकॅनिक बिचारा हात पुसत लांब जाऊन उभा राहिला.

तो गेल्यावर मी आईपाशी बसले. आईनं जन्मात कधी बॉनेट उघडलेलं नाही. पेट्रोलच्या वासानंसुद्धा तिचं डोकं चढतं. गावभर गाड्या दुरुस्त करत फिरणाऱ्या माझ्या बापानं स्वतःच्या गाडीत ही चूक केली होती, ती आधी लपवली, मग गाठी मारून निभावली, आणि फक्त बायकोला सांगितली.

"पप्पांनीच बसवला होता ना उलटा?" मी विचारलं. "खोटं बोललीस."

"उद्या मिस्सेच्या आधी कुमसार करीन, पापाची कबुली देईन," ती म्हणाली. "खोटं बोलले एवढंच सांगेन फादरांना. त्यांचं नाव तिथंही घेणार नाही."