वहीतलं उणं

"पॉइंट ऱ्हाऊ द्या. तो आत असताना संघाचं काय झालं, ते बोला की!" असं म्हणून अप्पांनी टेबलावर पेन आपटलं, की आमच्या सोलापूरच्या बास्केटबॉल मैदानावरचा कुठलाही वाद थंड व्हायचा.

अप्पा मूळचे मोहोळचे, राहायला शुक्रवार पेठेत, नोकरी चादरीच्या कारखान्यात. संध्याकाळी सायकलवरून येऊन फुकटात गुणलेखन करायचे. मी तिथे मुलींना शिकवायचे. असं एखादं माणूस तुमच्याही मैदानावर असेल. त्याला कुणी बोलावलेलं नसतं, पण ते आलं नाही की सगळ्यांचं अडतं.

गुणपत्रकाशिवाय त्यांची स्वतःची एक वही होती. खेळाडू आत गेला तेव्हा आपण किती पुढे होतो, बाहेर आला तेव्हा किती, यातला फरक त्याच्या नावापुढे मांडायचा. अधिक नाहीतर उणे. बास, एवढंच.

पोरं अमेरिकेतल्या दोन महान खेळाडूंवरून हमरीतुमरीवर आली की अप्पा चष्मा कपाळावर सरकवायचे. "ह्यो बाकावर बसला की संघबी बसतोय. त्यो बसला तरी संघ चालतोय. मग थोर कोण?"

"आणि त्याची विजेतेपदं, अप्पा?"

"ती काय एकट्याची हायत व्हय रं?"

त्यांची मुलगी माझ्याकडेच खेळायची. एका वर्षी राज्य स्पर्धेसाठी बारा जणी न्यायच्या होत्या आणि उरल्या होत्या तेरा. मी म्हटलं, "अप्पा, एक नाव कापायचंय. कुणाचं कापू?" त्यांनी वहीतली सगळी नावं बोटानं तपासली. मग वही माझ्याकडे फिरवली. सगळ्यांत मोठं उणं त्यांच्याच पोरीचं होतं.

"वही समद्यांस्नी सारखी, मॅडम."

काय माणूस आहे, असं वाटून मी यादीवर सही करून टाकली. का कापलं, ते पोरीला दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. तिनं पुन्हा बॉलला हात लावला नाही.

पंधरा वर्षं गेली. निवृत्त झालेल्या अप्पांना मोबाइलवर खेळाचं नवं गणित वाचायचा नाद लागला. एका दुपारी भर उन्हात ते माझ्या दारात उभे.

"मॅडम, लई मोठा घोटाळा झालाय. नुसता फरक मांडून भागत न्हाय. संगं कोण हाय आन समोर कोण हाय, ते बी धरावं लागतंय. माजी पोर कायम नवख्या पोरींसंगं आत जायची. त्यांचं उणं मी तिच्या नावावर लिवलं!"

सगळ्या जुन्या वह्या काढून त्यांनी सहा महिने मांडणी केली होती. ती नसताना त्याच नवख्या पोरी दुपटीनं मागे पडत होत्या. "पयल्या तिघींत बसत हुती ती," अप्पा म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

"आता सांगून काय होणार, अप्पा?" खरं सांगते, मी घाबरले होते.

"तिला वाटतंय की आपुन कच्ची हाय. सांगायलाच पायजे की."

मुलगी केम गावच्या शाळेत शिक्षिका आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते केमला गेले. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? "तुमीच कापलं व्हय, म्हणली. आन आत गेली. मग जेवाय वाढलं. बोलली न्हाय. पर ठेसनावर सोडाय आली, मॅडम." हे सांगताना ते हसतही होते आणि डोळेही पुसत होते.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा गेले. त्यांचे दिवस झाल्यावर मुलगी माझ्याकडे आली.

"अप्पा शेवटपर्यंत सांगत होते, मॅडमचा काही दोष नाही, चूक माझी," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. "नाही गं. तुला कुणाबरोबर आत पाठवायचं, ते मीच ठरवायचे. नवख्यांना तू सांभाळून घेशील, दुसरी कुणी घेणार नाही, म्हणून तुलाच पाठवायचे."



"म्हणजे मी चांगली खेळते, हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"होतं."

"मग अप्पांना का नाही सांगितलंत?"

ती निघाली तेव्हा मी तिला स्टेशनावर सोडायला गेले.