सहामाही काढली, पोरगी गोठ्यात गेली

माझी नात पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरला कोऱ्या पानांवर नुसता नंबर लिहून बसून राहिली. विषय भौतिकशास्त्र, वर्ष बारावीचं. बारामतीच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर मी डबा घेऊन उभी होते. बाहेर आली ती म्हणाली, "आजी, एक पण गणित सुटलं न्हाय. निम्मे धडे मी उघडलेलेच न्हाईत."

रडली असती तर बरं झालं असतं. ती डब्याकडे बघत राहिली.

कळसला, आमच्या गावी, घरी आलो. माझा मुलगा, तिचा बाप, गोठ्यातच होता. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "मग बोर्डाला बसू नको. नापासाचा शिक्का कशाला? अठरा पुरी झाली की स्थळ बघू."

मला संताप आला तो नुसता त्याच्यावर नाही, कॉलेजवरही. आमच्या घरात अभ्यास कुणी मानत नाही, परीक्षा मानतात. पोरगी आठवीत गेली तेव्हापासून हाच रिवाज. परीक्षा लागली की तिनं शेणाला हात लावायचा नाही. बाप कुरकुरत का होईना, स्वतः धारा काढायचा. सून लोणी देवकर गावच्या कंपनीत कामाला, तीसुद्धा निघताना पोरीच्या हातावर दही ठेवून जायची. दिवाळीच्या आधी सहामाही यायची, तेवढ्या दिवसांत पोरगी अर्ध्या वर्षाचं वाचून काढायची.

यंदा कॉलेजनं सहामाहीच काढून टाकली. मी मुलाला सांगून बघितलं, तिला मोकळी सोड.

"परीक्षा कुठं हाय, आये?" तो म्हणाला. "कॉलेजच म्हणतंय न्हाय म्हणून."

गोठा तिच्याकडेच राहिला. ऊसतोड आली तेव्हा तोडकऱ्यांच्या चहाचं भांडंही तिच्याच डोक्यावर आलं.

पेपरच्या दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडं गेले. माझं शिक्षण चौथी. बसा म्हणायच्या आधीच बसले.

"आजी, मुलांवरचा ताण कमी केला आम्ही," ते म्हणाले. "आता मोबाइलवर दर आठवड्याला चाचणी असते."

"मोबाइल तिच्या बापाच्या खिशात, अन् बाप रानात. ताण कमी झाला तो तुमचा. गठ्ठे तपासायचे वाचले."

"तसं नाही हो. मुलांनी स्वतःहून अभ्यास करावा…"

"कुठं बसून, सर? गाईच्या पाठीवर?"

दारातला शिपाई हसला. प्राचार्य हसले नाहीत. मागच्या वर्षांच्या सहामाहीचे पेपर मागितले, ते मात्र त्यांनी मुकाट काढून दिले.

घरी येऊन मी मुलाला सांगितलं, "सोमवारपासून आपल्या घरात सहामाही हाय. बोर्डापर्यंत चालंल."

"घरात कुठं सहामाही असती व्हय? तू काय मास्तरीण हाईस?"

"हाय. धारा तू काढायच्या. न्हायतर मी काढते, अन् गाईनं लाथ मारली की दवाखान्यात तूच ने."

त्यानं बादली उचलली. तोंडातल्या तोंडात मला काय म्हणाला ते मी ऐकलं, पण बादली उचलली. सुनेनं पहिल्या दिवशी दही ठेवलं. बाहेरच्या खोलीत दार लावून पोरगी पेपर सोडवायची, उंबऱ्यावर मी बसायचे. आत काय लिहिते ते मला कळत नव्हतं. आत कुणाला जाऊ द्यायचं नाही, एवढं कळत होतं.

ती बोर्डाला बसली आणि पास झाली. गुण मात्र तिच्या लायकीचे पडले नाहीत, हे मी कुणाच्या पेढ्यासाठी लपवणार नाही. नर्सिंगला जायचं होतं तिला, ते त्या गुणांत बसलं नाही. आता इंदापूरला बी.एस्सी. करते. पेढे न्यायला आलेल्यांत जो तो म्हणत होता, आजीनं किती सोसलं.

मी काही सोसलं नाही. मी भांडले. प्राचार्य खुर्चीत होते, बाप रानात होता, मी फाटकाबाहेर होते. कोऱ्या पानांपुढं तीन तास बसली ती माझी नात, एकटी.